चामटोलीच्या हळदीत कोलंबिया

गाण्याशी माझा संबंध उशिरा आला. आनंदनगर एमआयडीसीत रंगांना लागणारी रसायनं बनवणारी एक कंपनी आहे, तिथे मी क्वालिटी कंट्रोलला आहे. आमच्या खात्यात नाक लागतं, डोळे लागतात आणि वरिष्ठ चुकीचं बोलत असताना मान हलवता यावी लागते. कानांचं काम पडत नाही. बदलापूर पूर्वेला आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. बायको पतसंस्थेत नोकरी करते, मुलगी पुण्याला शिकते. घरात गाणं म्हणजे शेजारच्यांच्या भिंतीतून जे पाझरेल ते.

कंपनीने एकदा मला ट्रेनिंगसाठी जर्मनीला पाठवलं. खरं तर दुसऱ्याच कुणाला पाठवायचं होतं, पण त्याचा पासपोर्ट वेळेवर आला नाही. तिथल्या गावात शनिवारी दुपारनंतर करण्यासारखं काही नव्हतं. थंडीने कान दुखायला लागले म्हणून मी जे पहिलं दुकान उघडं दिसलं त्यात शिरलो. ते जुन्या-नव्या रेकॉर्डचं दुकान होतं. एक दाढीवाला माणूस काउंटरमागे बसून काहीतरी वाजवत होता. अकॉर्डियन, क्लॅरिनेट, खाली ढोलाचा संथ ठेका, आणि कुणी खाचा पाडलेल्या लाकडावर काडी घासावी तसा एक आवाज सतत चाललेला. त्यावर एक बाई गात होती. काय गात होती ते कळत नव्हतं, पण तिला कसलीही घाई नव्हती एवढं कळत होतं. मला बरं वाटलं. आमच्या प्लँटमध्ये घाई नसलेलं माणूस मी बरीच वर्षं पाहिलं नव्हतं.

दाढीवाल्याने सांगितलं, हे कोलंबियातलं. या ठेक्याला कुंबिया म्हणतात. तिकडच्या एका बंदराच्या गावात पूर्वी कधीतरी ही रेकॉर्ड निघाली, थोडी विकली गेली आणि सगळे विसरले. आता त्याच्याच ओळखीच्या एका लहान कंपनीने ती शोधून, साफ करून, जाड काळ्या व्हिनाइलवर परत काढली होती. सोबत छापील पुस्तिका. मी ती रेकॉर्ड विकत घेतली. इतर लोक परदेशातून चॉकलेट आणतात. मीही आणली, पण ती बायकोने मोजून वाटून टाकली आणि मग रेकॉर्ड हातात घेऊन विचारलं, "आणि ही वाजवणार कशावर?"

हा प्रश्न मला विमानात पडायला हवा होता.

उल्हासनगरला कॅम्पातल्या बाजारात रेडिओ, अँप्लिफायर दुरुस्त करणारं एक दुकान आहे, म्हणून ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं. दुकानदार सत्तरीचे सिंधी गृहस्थ, पांढरा शर्ट, कानात केस. त्यांनी रेकॉर्ड बाहेर काढली, उजेडात तिरकी धरली आणि माझ्याकडे पाहिलं.

"नयी है ये तो. गाना पुराना है बोलते हो?"

"गाणं जुनं आहे शेठ. रेकॉर्ड आत्ता काढली. रीइश्यू म्हणतात याला."

"म्हणजे डुप्लिकेट."

"डुप्लिकेट नाही. त्यांनी परवानगी घेऊन काढली. साफ केली, पुस्तक दिलं."

"परमिशनवाला डुप्लिकेट," ते म्हणाले आणि रेकॉर्ड परत पाकिटात सरकवली. "बाबा, आमचा उल्हासनगर एवढी वर्षं हेच करून बदनाम झाला. जर्मनीवाला करतो तर तुम्ही पुस्तक वाचता."

मी त्यांना फरक समजावून सांगायला लागलो. समजावता समजावता मलाच तो जरा कमी दिसायला लागला, म्हणून थांबलो. त्यांनी मला एक प्लेअर जोडून दिला. तबकडी एका कंपनीची, मोटर दुसरीची, सुई तिसरीचीच. पुढच्या बाजूला एका प्रसिद्ध जपानी कंपनीचं नाव होतं, त्यात एक अक्षर जास्त होतं. "आत कोण कोण आहे ते विचारू नका," शेठ म्हणाले, "बाहेर नाव चांगलं आहे." प्लेअर आजही चालतो आहे.

एका रेकॉर्डवर भागलं असतं तर ही गोष्टच नव्हती. मी त्या लहान कंपनीच्या वेबसाइटवरून मागवू लागलो. कोलंबिया, मग पेरू, मग क्युबा, मग अशी बेटं जी मला नकाशात शोधावी लागली. गुलाबी, पिवळी पाकिटं, त्यांवर नारळाची झाडं आणि नाचणाऱ्या बायका. पार्सल घ्यायला बायकोच दारात जायची. ती त्यांना 'तुमच्या बायका आल्या' म्हणायची आणि वॉचमनसमोरही म्हणायची. मी पुस्तिका पाठ केल्या. कुठल्या स्टुडिओत किती माइक होते, ढोलाला कुठल्या जनावराचं कातडं होतं, हे मला बदलापूरच्या पाण्याच्या वेळापत्रकापेक्षा जास्त पक्कं माहीत होतं. ऑफिसातल्या चार जणांना मी एका रविवारी ऐकायला बोलावलं. दोघे आले. एकाने विचारलं की स्क्रीन कुठे आहे. दुसरा भज्यांची तारीफ करून गेला.

अशी दोनेक वर्षं गेली आणि आमचा शिफ्ट सुपरवायझर घरी आला.

हा चामटोलीचा. घरचं आगरी शेतकरी कुटुंब, भात आणि थोडी भाजी. बदलापूर वाढत वाढत त्यांच्या बांधापर्यंत आलं तेव्हा काही जमीन विकली गेली आणि बंगला उभा राहिला. त्यानंतरही हा नोकरीला येत राहिला. प्लँट हेडच्या गाडीपेक्षा मोठ्या गाडीतून येतो, ती लांब उभी करतो आणि चालत गेटवर येतो, म्हणजे साहेबांना वाईट वाटायला नको. मुलाच्या लग्नाची पत्रिका द्यायला आला होता. मी नेमकी तीच पहिली रेकॉर्ड लावली होती.

तो चपला काढता काढता थांबला. "साहेब, कुठली बेंजो पार्टी? पनवेल साइडची वाटते."

लग्नाच्या वाजंत्र्यांच्या ताफ्याला आमच्याकडे बेंजो म्हणतात. मी त्याला खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. कोलंबिया, समुद्र, तिथले कोळी, आफ्रिकेतून आणलेले लोक, ढोल, ती खाचांची लाकडी कांडी. एवढं मी जर्मनीहून आल्यावर कुणालाच पूर्ण सांगू शकलो नव्हतो. त्याने सगळं ऐकून घेतलं. माझं संपल्यावर म्हणाला, "हलदीला चालेल साहेब. मोबाइलवर घेऊ का?"

मला पहिला शिष्य मिळाल्यासारखं झालं. मी म्हटलं घे की. आवाजही वाढवला.

बायको आतून चहा घेऊन आली तेव्हा आम्ही दोघे प्लेअरकडे तोंड करून गप्प बसलो होतो आणि त्याचा फोन स्पीकरसमोर स्टुलावर ठेवलेला होता. तिने ट्रे कुठे ठेवायचा हे डोळ्यांनीच विचारलं. मी बोटाने जमीन दाखवली.

हळदीला आम्ही दोघे गेलो. ज्यांनी चामटोलीची हळद पाहिली नाही त्यांना सांगतो, तिथे लग्न दुसऱ्या दिवशी असतं म्हणून असतं, खरा कार्यक्रम हळदीचाच. संध्याकाळचे दिवे लागले होते. बंगल्यासमोर मांडव, मांडवाच्या तोंडाशी स्पीकरची भिंत, आणि फाटकाजवळ दिव्यांचं बनवलेलं नारळाचं झाड, जे मिनिटाला हिरवं-लाल-निळं होत होतं. खरी माडाची झाडं मागे अंधारात होती. त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. डीजे सुपरवायझरचा भाचा होता, तिशीचा, दिवसा गोदामात फोर्कलिफ्ट चालवणारा. स्पीकरच्या भिंतीमागे काळा चष्मा लावून उभा होता.

आमच्या हातात ताटं आली आणि गाणं सुरू झालं. आधी सायरन. मग डीजेचा स्वतःच्याच नावाचा घोष. मग तो खाचांच्या लाकडाचा आवाज, पण मागे कुणी लागल्यासारखा धावत. मी ताट धरून उभाच राहिलो. क्लॅरिनेट आली, तीही पळत. माझी ती घाई नसलेली बाई खारीसारखी किचकिचली आणि दोन ओळींत संपली. तिच्या जागी एक म्हातारा, खरखरीत, भरदार आवाज आला. हळदीचं गाणं, त्याच चालीवर. नवऱ्याच्या मामाने हळदीला यायला उशीर केला, त्याची वाट बघून वाटलेली हळद सुकली, असं काहीसं. तो आवाज सुपरवायझरच्या आईचा होता. तिला नवऱ्या मुलाने आणि डीजे भाच्याने स्वयंपाकघरात बसवून फोनवर गायला लावलं होतं. मध्ये कुकरची एक शिट्टी होती. भाच्याने ती काढली नव्हती, उलट प्रत्येक कडव्याच्या शेवटी लावली होती.

अख्खं गाव नाचायला लागलं. म्हाताऱ्या, पोरं, पांढऱ्या टोप्या, सगळे. शिट्टी आली की सगळे एकदम हात वर करत.

मला कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. शेजारी एक गृहस्थ ताट घेऊन उभे होते. मी त्यांच्या कानाशी ओरडलो, "हे कोलंबियाचं आहे."

त्यांनी माझ्या ताटात पाहिलं. "कोलंबी संपली हो," तेही ओरडले. "मटण घ्या. मटण भरपूर हाय."

मी मटण घेतलं. वळून बघतो तर बायको ताट खाली ठेवून नाचणाऱ्यांत गेली होती. दोन वर्षं तीच चाल आमच्या हॉलमध्ये वाजत होती आणि ती कपाळाला बाम लावत होती. परत आल्यावर घाम पुसत म्हणाली, "असं लावायचं असतं हो ते. तुम्ही उगाच झोपाळू करून लावता."

"ते मूळचंच तसं आहे."

"मग मूळचं चुकलं असेल."

ते गाणं त्या सीझनला सुटलं. चामटोलीच्या हळदीतल्या कुणीतरी फोनवर घेतलं, तिथून ते बदलापूर गावात गेलं, मग अंबरनाथ, मग बारवी धरणाकडच्या पाड्यांतून. गाण्याला नाव नव्हतं, लोक त्याला 'शिट्टीवालं' म्हणत. रिक्षात ऐकलं. आमच्या वॉचमनच्या फोनवर ऐकलं. माझ्याच लॅबमध्ये एका ट्रेनी मुलीच्या फोनवर वाजलं आणि तिने घाबरून बंद केलं. मी तिला म्हटलं, राहू दे, मला मूळ गाणं माहीत आहे. ती म्हणाली, "हो सर, सगळ्यांनाच माहितीये."

आमच्या सोसायटीच्या स्नेहसंमेलनात मला ज्ञानप्रसाराची संधी मिळाली. सेक्रेटरी म्हणाले, तुम्ही काहीतरी करा, दरवर्षी नुसतेच बसता. मी प्लेअर खाली नेला, टेबलावर ठेवला, छोटं प्रास्ताविक केलं आणि ती रेकॉर्ड लावली. लोकांनी चाल लगेच ओळखली. टाळ्या वाजल्या. बाई गायला लागली, तिच्या गतीने. टाळ्यांना तिच्याशी जुळवून घेता येईना, त्या थांबल्या. दुसऱ्या मजल्यावरचा कॉलेजातला मुलगा माझ्याजवळ आला आणि माझ्या वयाचा मान ठेवून हळू आवाजात म्हणाला, "काका, हे स्लो व्हर्जन कुणी बनवलं? आणि शिट्टी कट केलीय त्यांनी. ओरिजिनल लावा ना, माझ्याकडे आहे."

ओरिजिनल लावलं. मी वायर काढून दिली.

त्या रात्री नाही, पण त्या आठवड्यात मी त्या परदेशी कंपनीला मेल लिहिला. मेलचा सूर गंभीर होता. आपण कष्टाने, परवानगीने काढलेल्या संगीताचं आमच्या भागात काय झालं आहे, हे एक जबाबदार ग्राहक म्हणून कळवणं मला आवश्यक वाटतं, वगैरे. सोबत गाणं जोडलं. बायकोने खांद्यावरून वाचलं. "म्हणजे चुगली," ती म्हणाली. मी म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न आहे. ती म्हणाली, तत्त्वाचाच प्रश्न असतो तेव्हा माणूस चुगली करतो.

उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. इतकं लवकर तर ते हरवलेल्या पार्सललाही देत नसत. ते वेडे झाले होते. ऑफिसात दिवसभर तेच वाजवत होते. त्यांना ते रेकॉर्डवर काढायचं होतं. एका बाजूला मूळ कुंबिया, दुसऱ्या बाजूला चामटोली. कोलंबियातल्या हक्कदार कंपनीची परवानगी ते बघणार होते. गाणाऱ्या बाईंची, डीजेची परवानगी आणि मानधनाची कागदपत्रं मी बघू शकेन का? शिवाय मास्टर टेप हवी होती. आणि फोटो.

अशा रीतीने तक्रार करायला गेलेला मी त्यांचा माणूस झालो.

सुपरवायझरला सांगितलं तेव्हा तो आधी घाबरला, त्याला वाटलं केस झाली. मग हसला. रविवारी मला घरी घेऊन गेला. भाचाही आला होता.

"त्यांना मास्टर पाहिजे," मी म्हणालो.

"मास्टर कोण?" भाच्याने विचारलं.

"कोण नाही. मूळ फाइल. ज्यात आवाज वेगळा, म्युझिक वेगळं असेल अशी."

"ती उडवली. पुढच्या सीझनची गाणी भरायला जागा नव्हती." मग माझा चेहरा पाहून म्हणाला, "व्हॉट्सअॅपवर आहे ना सगळ्यांच्या."

मग आईलाच पुन्हा गायला सांगावं असं ठरलं. त्या ओसरीवर लसूण सोलत होत्या. नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू, आमचं सगळं बोलणं त्यांनी ऐकलेलं होतं. मी त्यांना मावशी म्हणतो.

"मावशी, एकदाच गायचं. छान शांत खोलीत."

"कुनाचं लगीन हाय?"

"लग्न नाही. रेकॉर्डसाठी."

"मंग नाय," त्या म्हणाल्या. "लगीन नाय, हलद नाय, नुसतीच कशी गाऊ? नवऱ्याच्या मामाला नावं ठेवायची तर मामा तरी पायजे."

फोनवरचं आधीचं गाणं छापायला मात्र त्यांची हरकत नव्हती, परवानगीच्या आणि मानधनाच्या कागदांवर त्यांनी आणि भाच्याने सह्या केल्या. मी कंपनीला कळवलं की मास्टर नाही, व्हॉट्सअॅपची घासलेली फाइल आहे, तिच्यात खोकला आहे आणि कुकर आहे. त्यांनी लिहिलं, खोकला आणि ती फॅक्टरीची शिट्टी अजिबात काढू नका, तोच तर त्या जागेचा श्वास आहे. मी लिहिलं, फॅक्टरीची नाही, कुकरची आहे. त्यांनी लिहिलं, हो का, पण आम्हाला फॅक्टरी अधिक भावते. क्वालिटी कंट्रोलमध्ये इतकी वर्षं काढून मला एवढं समजलेलं आहे की गिऱ्हाइकाला एखादी गोष्ट भावली की सँपल परत तपासायचं नसतं.

फोटोंचा गोंधळ वेगळाच. कंपनीला हवं होतं भाताचं शेत, म्हैस, मातीचं घर. घरच्यांना हवा होता बंगला, समोर गाडी आणि गाडीसमोर सगळे. म्हैस आता कुणाकडे नव्हती, शेजारच्या गावातून आणावी लागली असती, आणि सुपरवायझरचं म्हणणं, दुसऱ्याची म्हैस आपल्या फोटोत कशाला. शेवटी मीच माझ्या मोबाइलवर शेत आणि बंगला दोन्ही काढलं, सोबत हळदीच्या रात्रीचे फोटोही जोडले. मावशी नवी पैठणी नेसून बंगल्याच्या पायरीवर ताठ बसल्या. त्यांना हसायला सांगितलं तर म्हणाल्या, दात नायत, कशाला हसू.

काही महिन्यांनी खोकं आलं. पार्सल घ्यायला बायको दारात गेली आणि काही न बोलता माझ्या हातात आणून दिलं. लहान आकाराच्या रेकॉर्ड. मुखपृष्ठावर बंगला नव्हता, गाडी नव्हती, माणसंही नव्हती. फाटकाजवळचं ते दिव्यांचं नारळाचं झाड तेवढं कापून घेतलं होतं, जांभळ्या आकाशावर हिरवंगार. खाली इंग्रजीत चामटोली लिहिलेलं, स्पेलिंग थोडं वेगळं. मागच्या बाजूला मजकूर होता. मी त्याचं मराठी करून सुपरवायझरला फोनवर वाचून दाखवलं. घनदाट जंगलाच्या कडेला, विशाल धरणाच्या छायेत वसलेल्या या जमातीने बाहेरच्या जगापासून दूर राहून आपला ताल जपला आहे.

त्याने मला ती ओळ परत वाचायला लावली.

"साहेब, बाहेरच्या जगापासून दूर म्हणजे?" तो म्हणाला. "आमच्या फाटकाला सीसीटीव्ही आहे."

मजकुरात माझे आभारही मानले होते. 'स्थानिक संशोधक' असं लिहिलं होतं. मी ते त्याला वाचून दाखवलं नाही, बायकोला मात्र दाखवलं. तिने शांतपणे वाचलं आणि विचारलं की संशोधक दूध आणायला जाणार आहेत का.

रेकॉर्ड चामटोलीला पोचत्या केल्या. घरात, भावकीत, डीजेच्या गोदामातल्या दोस्तांत वाटल्या गेल्या. पण वाजवायचं यंत्र एकाकडेही नव्हतं. तेव्हा एका रविवारी दुपारी सुपरवायझर, त्याची आई आणि भाचा आमच्याकडे ऐकायला आले. लिफ्ट बंद होती, मावशी दोन मजले चढून आल्या आणि सोफ्यावर बसून गुडघे दाबत राहिल्या. बायकोने पाणी दिलं, चहा टाकला. भाचा प्लेअरजवळ उकिडवा बसला. एवढ्या लहान पेटीतून आवाज येतो यावर त्याचा विश्वास नव्हता.

मी चामटोलीची बाजू लावली. सायरन, घोष, पळणारी क्लॅरिनेट. आमच्या हॉलमध्ये ते फारच सभ्य वाटत होतं. भाचा दोनदा आवाज वाढवायला पुढे झाला आणि दोनदा कळलं की वाढवलेलाच आहे. मावशी पदराने तोंड झाकून ऐकत होत्या. आपला आवाज आला तेव्हा त्यांनी मान खाली घातली. मग खोकला आला. त्यांनी पदर बाजूला केला.

"मी ख्वाकले त्यां बी घातलां?"

"त्यांना आवडलं ते," मी म्हणालो.

"काय आवडायचं त्यात? सर्दी झालती मना."

कुकरची शिट्टी वाजली आणि बायको सवयीने स्वयंपाकघराकडे निघाली, मग परत येऊन बसली. गाणं संपलं. सुई खरखरत राहिली. भाचा म्हणाला, "बेस नाय साहेब याला." सुपरवायझरने मान डोलावली, पण त्याचं लक्ष आईकडे होतं.

मावशींनी विचारलं, "आनि मागं काय हाय?"

मागे मूळ गाणं होतं. माझ्या लक्षात आलं की त्यांनी ते कधी ऐकलंच नव्हतं. त्यांना भाच्याने चाल तोंडाने गुणगुणून दाखवली होती आणि त्यांनी ती उचलली होती. मी बाजू उलटवली. अकॉर्डियन आलं, लाकडावरची काडी आली, ढोल आपल्या जागी येऊन बसला, मग ती बाई. मी ती गाणी इतक्यांना इतक्या वेळा ऐकवली होती, पण असं कुणाला ऐकताना पाहिलं नव्हतं. मावशी पुढे झुकल्या होत्या, शाळेतल्या पोराचं पाठांतर चुकतंय का ते बघावं तशा. एका ठिकाणी बाईने सूर जरा लांबवला तेव्हा त्यांचे ओठही तेवढा वेळ उघडे राहिले.

"दमानं गाते," गाणं संपल्यावर त्या म्हणाल्या. "घरचं काम उरकून बसलीय वाटतं." मग माझ्याकडे वळून, "ही बाई हाय का अजून?"

मला ढोलाचं कातडं माहीत होतं. माइक किती होते ते माहीत होतं. मी कपाटातून पहिल्या रेकॉर्डची पुस्तिका काढली आणि पानं उलटली, तरी मला आधीच ठाऊक होतं. क्लॅरिनेट वाजवणाऱ्याचं नाव होतं, स्टुडिओच्या मालकाचा फोटो होता. गाणाऱ्या बाईविषयी एवढंच होतं की ती मासळी बाजारातली असावी.

"माहीत नाही मावशी."

"इचारलं नाय कुनी?"

"परवानगी कंपनीकडून घेतली. तिला कुणी विचारलं का ते लिहिलेलं नाही."

"मना तुमी इचारलां ना," त्या म्हणाल्या. त्यात टोचणी नव्हती, त्या फक्त दोन गोष्टी शेजारी ठेवून बघत होत्या. "परत लावा जरा."

मी परत लावलं. या वेळी त्या बारीक आवाजात सोबत गुणगुणायला लागल्या. शब्द नव्हते, नुसती चाल. सुपरवायझर खिडकीतून बाहेर बघत राहिला. बायको माझ्या शेजारी येऊन बसली. ती गाणं संपेपर्यंत बसली आणि बाम आणायला उठली नाही, एवढं नमूद करतो.

ते गेल्यावर मी कंपनीला मेल लिहिला, या वेळी साधा. ती बाई कोण, आहे का, तिच्या घरी कुणी आहे का. उत्तर यायला बरेच दिवस लागले. त्यांनी लिहिलं की प्रश्न फार सुंदर आहे, त्या बंदराच्या गावात त्यांचा एक माणूस आहे, तो मासळी बाजारात चौकशी करेल. चामटोलीची रेकॉर्ड संपत आली आहे, पुन्हा काढायचा विचार आहे. आणि हो, त्या भागात लग्नाची इतर गाणीही असतीलच, स्थानिक संशोधक म्हणून मी थोडं फिरून पाहीन का?

मी सुपरवायझरला विचारलं. तो म्हणाला, आई म्हणते, आधी त्या बाईचा पत्ता लागू दे. मी तसंच इंग्रजीत करून पाठवून दिलं.